चेंबर घुमलं तर

९ फेब्रुवारी

ठोंब्या,

आशीर्वाद, आणि महिनाभर एक ओळ लिहिली नाहीस म्हणून एक धपाटा. आईने तुझी चौकशी करून करून माझं डोकं उठवलंय. ती म्हणते, फोन लावून दे. मी म्हणते, अगं, त्यांच्या टेस्ट स्टेशनात फोन गेटवरच काढून घेतात. "मग सुट्टीच्या दिवशी?" याला माझ्याकडे उत्तर नाही. तुझ्याकडे असेल तर कळव.

बातमी अशी की माझा प्रोग्रॅम चालू झाला. तू मागे विचारलं होतंस, ताई, तू ऑफिसात नक्की करतेस काय, आणि मी कंटाळा केला होता. आता ऐक. टर्बाइनच्या पोटात जे चेंबर असतं, म्हणजे जिथे दाबलेली हवा येते, इंधनाचा फवारा पडतो आणि सगळं पेटतं, त्याचा पहिला कच्चा आराखडा करायला आमच्या खोलीत महिने जायचे. भोकाभोकांचा तो पत्र्याचा नळा किती लांब, किती रुंद, भोकं कितीशी, कुठल्या ओळीतून किती हवा आत घ्यायची. तीन म्हातारे इंजिनिअर, चार मतं. आता दाब, तापमान, हवा आणि इंधन एवढे आकडे द्यायचे. प्रोग्रॅम आपणच हजारो आराखडे काढतो, आपणच आकडेमोड करून नापास करतो आणि सगळ्यात चांगला उरेल तो समोर ठेवतो. जेवून येईपर्यंत काम झालेलं असतं. साहेब इतके खूश आहेत की परवा मीटिंगमध्ये स्वतः उठून मला खुर्ची दिली.

आणि मी तेव्हापासून धास्तावलेय. प्रोग्रॅमने जे पहिलं चेंबर काढलं ते फार आखूड आहे. आखूड म्हणजे हलकं, आणि हलकं म्हणजे सगळ्यांना हवंच. पण एवढं आखूड आमच्याकडे कधी कुणी काढलं नव्हतं. का नाही काढलं, असं मी तिघांनाही विचारलं. एक म्हणाला, धीर झाला नाही. दुसरा नुसता हसला. तिसरा निवृत्तीला टेकलाय, तो म्हणाला, "मला कशाला विचारतेस, तुझ्या प्रोग्रॅमलाच विचार."

प्रोग्रॅमला विचारलं. तो म्हणतो सगळं उत्तम आहे.

ते चेंबर बनवायला गेलंय आणि पेटवायला तुमच्याकडे येणार आहे. पहिल्यांदा पेटवतात तेव्हा तू तिथे असतोस का? खरं सांग.

तुझी ताई

१७ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण कंबर धरलीय, तेव्हा हात जोडतो त्यावर भागव.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. एवढी शिकलीस, प्रोग्रॅम केलास, आणि घाबरतेस कशाला, तर तो चांगला चालला म्हणून. लोक उलट्या गोष्टीला घाबरतात.

मी तिथे असतो की नाही? ताई, माझ्याशिवाय पेटतच नाही. इथे माझ्या कामाला 'कान' म्हणतात. कागदावर हुद्दा वेगळा आहे, पण हाक मारताना सगळे "ए कान" अशीच मारतात. चेंबर पेटलं की त्याच्या आवाजावरून ओळखायचं, नीट जळतंय की बिघडतंय. बिघडलं की आतली ज्योत आणि हवेचा दाब एकमेकांना ढकलायला लागतात आणि चेंबर घुमायला लागतं. अगदी अंगात आल्यासारखं. आधी बारीक, मग वाढत वाढत जातं, मग पत्रा फाटतो आणि आग बाहेर येते. तो बारीक आवाज आला की कानाने इंधन बंद करायचं. गेज आहेत, भोंगाही आहे, पण भोंगा वाजेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून अजून माणूस ठेवलाय.

घाबरू नकोस. मी काँक्रीटच्या जाड भिंतीअलीकडे खुर्चीत बसतो आणि माइकवरून ऐकतो. पाय पसरून बसायला जागा आहे. इंधन बंद करायला समोर बटण आहे. तुझ्या ऑफिसातल्या खुर्चीपेक्षा माझी बरी असेल.

फोनचं म्हणशील तर सुट्टीच्या दिवशी गेटवरच्या फोनपाशी ही रांग असते. मागचा माणूस मानेवर श्वास सोडत असताना आईशी काय बोलणार? पत्रच बरं. आईला सांग, मजेत आहे, वजन वाढलंय.

तुझा ठोंब्या

२३ फेब्रुवारी

ठोंब्या,

भिंतीचं वाचून जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ राहिला नाही.

तू घुमण्याचं लिहिलंस आणि मी प्रोग्रॅममध्ये जाऊन शोधलं. तो जुन्या आराखड्यांवरून शिकलाय. ऑफिस सुरू झालं तेव्हापासूनचे सगळे आराखडे मी त्याला घातले, मला त्याचा केवढा अभिमान. त्यात घुमलेलं चेंबर एकही नाही.

कारण तुला सांगते. आमच्याकडे एक पद्धत आहे. चेंबर टेस्टवर फुटलं की ज्याने ते काढलं तो आपल्या हाताने आराखडा फाडतो, कॉम्प्युटरवरूनही पुसून टाकतो. त्या दिवशी त्याला कुणी काम सांगत नाही, कुणी काही विचारत नाही. मी नवी होते तेव्हा मला हे फार सभ्य वाटलं होतं. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, तसं. आता बघ काय झालं. माझ्या प्रोग्रॅमला ठाऊकच नाही की चेंबर फुटतं. त्याच्या जगात आजवर जे पेटलं ते सगळं गुण्यागोविंदाने जळलं. आणि त्याची आकडेमोड शांत ज्योतीची आहे. ज्योत थरथरली तर पुढे काय, ते काढायला महिने लागतात, आणि साहेबांना उत्तर जेवून येईपर्यंत हवं असतं.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "फुटलेल्यांवरून कुणी शिकतं का? पास झालेल्या पोराचा पेपर बघतात." खोलीतले सगळे हसले. मीही हसले, कारण हसले नसते तर रडले असते.

म्हाताऱ्यांना काही आठवत नाही, किंवा आठवायचं नाही. तुमच्याकडे ती फुटलेली चेंबरं कुठे पडलीयेत का? की मोडीत घातली? एखादं जरी सापडलं तरी कळव. मला फार भीती वाटतेय, ठोंब्या. चेष्टा करायची तर नंतर कर.

ताई

४ मार्च

ताई,

मोडीत कशाला घालू? आम्ही त्यांच्या कुंड्या केल्यात.

खरंच सांगतो. नळ्याला भोकं असतातच, पाणी छान निथळतं. फाटलेली बाजू खाली पुरायची, वर माती. गेटपासून कॅन्टीनपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच आहेत. कशात कोरफड, कशात मिरची, कशात नुसतंच गवत. मी इथे आलो तेव्हापासून रोज त्यांच्यामधून जेवायला जातो, आणि कधी मनात आलं नाही की ही सगळी घुमून मेलेली आहेत. तुझं पत्र वाचल्यावर त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

असो. टेप घेऊन बसलो, बुडाची माती उकरली आणि मापं घेतली. लांबी, रुंदी, भोकांच्या ओळी, भोकं केवढी, कुठून फाटलंय. माळीबुवा आधी बघत राहिले, मग म्हणाले, साहेब, झाडांना कपडे शिवताय का? दोन कुंड्या उपटाव्या लागल्या, त्यावरून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. सगळी मापं सोबतच्या कागदावर आहेत. तुझ्या प्रोग्रॅमला खाऊ घाल.

तुझं नवं चेंबर येऊन पडलंय. काय देखणं आहे गं. काखेत मारून नेता येईल एवढंसं. एरवीची चेंबरं तासाभराने अशी तापतात की इंधनाच्या व्हॉल्व्हच्या दांड्याला हातमोज्यातूनही चटका बसतो. हे लहान आहे, तेव्हा कमी तापेल असं सगळे म्हणतायत. महिनाअखेरीला पेटवायचं ठरतंय.

चेष्टा नाही करत. पण तू एवढी घाबरलीस की मलाही घाबरवतेस, आणि मला घाबरून चालत नाही.

ठोंब्या

१२ मार्च

ठोंब्या,

मापं मिळाली. प्रोग्रॅमला घातली आणि तेच आकडे पुन्हा दिले. आता तो ते आखूड चेंबर काढतच नाही. मी हाताने त्याच्यापुढे ठेवलं, तर नापास. तुझी कोरफडीची कुंडी आणि ते चेंबर सख्खी भावंडं आहेत. तेवढीच लांबी, पहिल्या ओळीतून तशीच जास्त हवा. ते घुमणार, ठोंब्या. कदाचित म्हणत नाही मी. घुमणार.

कागद घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे कुंड्यांवरून मी काम थांबवू?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, चेंबर तयार आहे, वरच्यांना तारीख दिलीय, आणि टेस्ट करतात ती हे कळावं म्हणूनच. घुमलं तर घुमलं, एक चेंबर जाईल. भिंत कशाला बांधलीय?

भिंतीचं ऐकून मी गप्प बसले असते. पण बाळा, भिंतीअलीकडे खुर्चीत बसून बटण दाबणाऱ्याला दांड्याचा चटका कसा बसतो?

मला उलट टपाली उत्तर हवंय. कुठे उभा असतोस ते लिही.

ताई

२२ मार्च

ठोंब्या,

तुझं उत्तर आलं नाही. काल मी तुमच्या स्टेशनच्या ऑफिसात फोन केला. घरचं तातडीचं काम आहे म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी तुला बोलावून आणलं.

मी काय काय बोलले ते तुला लिहून पाठवते, कारण तुला कळलेलं नाही. मी म्हटलं, महिनाअखेरीला आजारी पड, रजा टाक, काहीही कर, पण त्या खोलीत जाऊ नकोस. तू म्हणालास, "हो हो, आई कशी आहे?" मी म्हटलं, तू व्हॉल्व्हपाशी उभा असतोस ना, माझी शपथ आहे, खरं सांग. तू म्हणालास, "इथे हवा छान आहे." मग मला रडू फुटलं. चांगली हुंदके देऊन रडत होते मी, आणि तू हसलास आणि म्हणालास, "बरं झालं फोन केलास, ठेवतो, मागे लोक आहेत."

मी फोन ठेवला. आई विचारत होती काय म्हणाला. मी सांगितलं, मजेत आहे.

तुला ऐकू येत नाही. म्हणून फोन नको होता. म्हणून पत्र. कधीपासून?

ताई

२८ मार्च

ताई,

पकडलंस. लहानपणी लपाछपीतही तूच आधी शोधायचीस, आणि मी पलंगाखाली रडत बसायचो.

डावा गेल्या वर्षी गेला. उजवा दिवाळखोर दुकानासारखा आहे, कधी उघडा, कधी बंद. समोर उभं राहून कुणी बोललं तर ओठांवरून कळतं. फोनवर ओठ दिसत नाहीत.

आणि हो, मी खोलीतच उभा असतो. चेंबरपासून दोन-तीन पावलांवर, हात व्हॉल्व्हवर. बटण होतं, ते चिकटायला लागलं म्हणून काढलं. माइकमधून बारीक आवाज नीट येत नाही म्हणून कान आत उभा करतात, पहिल्यापासून तसंच आहे. ते चालायचं, कारण कान चांगला असायचा.

आता कसं भागवतो ते सांगतो, पण हे आपल्यातच ठेव. काचेपलीकडे गेज बघणाऱ्या बाई बसतात. मी चेंबरकडे बघतच नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे बघतो. त्यांनी भुवई उचलली की मी व्हॉल्व्ह बंद करतो. शिवाय दांड्यात थरथर येते, ती तळव्याला कळते. गेल्या खेपेला भुवईही उशिरा उठली आणि थरथरही उशिरा आली. पत्रा फाटला तेव्हा माझा हात नुकता वळत होता. बाही जळाली. सगळ्यांनी पाठ थोपटली की कानाने वाचवलं.

मला भीती वाटते, ताई. तुला पहिल्या पत्रापासून हसतोय ना, ते सगळं उसनं होतं. आत शिरण्याआधी बाई काचेपलीकडे जागेवर आहेत ना, ते तीनदा बघतो. पण सांगितलं तर ते मला उद्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायला बसवतील आणि पुन्हा कधी कुणी "ए कान" म्हणणार नाही. या कामाशिवाय मला दुसरं काही येत नाही गं.

फवाऱ्याचं तोंड बदलायचं होतं म्हणून तारीख पुढे गेली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पेटवतील. तू कुणाला बोलू नकोस. पाया पडतो.

ठोंब्या

२ एप्रिल

ठोंब्या,

मी बोलले.

तुझं पत्र सकाळी आलं. उभ्या उभ्या वाचलं, चप्पल घातली आणि ऑफिसात जाऊन तुमच्या स्टेशनच्या मुख्य बाईंना फोन लावला. दोन गोष्टी सांगितल्या. एक, हे चेंबर घुमणार आहे, पेटवू नका. दुसरी, तुमच्या कानाला ऐकू येत नाही. तुझ्या बाहीचंही सांगितलं. काही म्हणजे काही मागे ठेवलं नाही.

पहिल्या गोष्टीवर त्या म्हणाल्या, बघू, तुमच्या साहेबांशी बोलते. दुसरीवर त्यांनी लगेच विश्वास ठेवला. म्हणाल्या, आजपासून तो आत जाणार नाही. मी थँक्यू म्हटलं आणि मग माझ्या लक्षात आलं की चेंबर तर तसंच पेटणार आहे. तुझ्या जागी कोण उभं राहणार, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, गेज बघणाऱ्या बाई तयार आहेत, त्यांचे कान चांगले आहेत.

त्या बाईंना भाऊ असेल, नवरा असेल. दिवसभर माझ्या डोळ्यांपुढून त्यांची भुवई हलत नाहीये. साहेबांना पुन्हा सांगितलं, त्यांच्यावरच्यांनाही लिहिलं. आराखड्यावरची माझी सही मी मागे घेतली, तर साहेबांनी स्वतःची केली. याहून मला काही करता आलं नाही.

तू मला कधी माफ करू नकोस, चालेल. आईला मी सांगेन की भाऊ माझ्याशी बोलत नाही. पण ती तुला बघायला येऊ शकेल, आणि तू तिथे असशील. शिव्या द्यायच्या असतील तर भरपूर दे, पण लिहून दे, म्हणजे तुझा हात चालतोय हे मला कळेल.

तुझी ताई

१९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते फाडलं. दुसऱ्या दिवशी कचऱ्यातून तुकडे काढून पुन्हा वाचलं. तोवर मला स्टोअरमध्ये बसवलं होतं. सगळ्यांना कळलं होतं. कुणी "ए कान" म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी मला काय कळणार. मी तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. सख्खी बहीण असून वैऱ्याने करू नये ते केलंस, असं एका कागदावर लिहूनही ठेवलं होतं.

परवा पेटवलं.

मला तिकडे फिरकायची मनाई होती, म्हणून मी कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो. दुपारची वेळ, कॅन्टीन भरलेलं. टेस्टची खोली अंगणापलीकडे, दार बंद. मी जेवत होतो. डोक्यात तुझ्याशी भांडत होतो, आणि जिंकत होतो.

मग समोरच्याने घास खाली ठेवला. मी म्हटलं, काय रे, मीठ जास्त झालंय का? त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. वाढणारी बाई पळी हातात धरून तशीच उभी राहिली. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. माझ्या पेल्यातलं पाणी हलत होतं. शेजारचा उठून पळाला, मग सगळेच पळाले.

गेजच्या बाईंनी व्हॉल्व्ह बंद केला. आवाज बारीक होता तेव्हाच केला, तरी पत्रा उभा फाटलाय आणि दाराचा रंग भाजून गेलाय. त्या बाहेर आल्या त्या थेट पायरीवर बसल्या.  मी पाणी घेऊन गेलो, तर त्यांना पेला धरता येईना, मीच पाजलं. त्यांच्या ओठांवरून कळलं, त्या विचारत होत्या, तुम्ही इतकी वर्षं हे कसं केलंत? मी म्हटलं, तुमच्या तोंडाकडे बघून. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

पुढची तीन चेंबरं तुमच्याकडून निघालीयेत असं कळलंय. ती कुंड्यांची मापं धरून काढलेली आहेत की नाही ते बघ. बाईंनी पुन्हा आत जायला नाही म्हटलेलं नाही, आणि मला रोज त्यांच्या नवऱ्याला गेटवर बघावं लागतं.

राग अजून आहे. थोडा कमी झालाय. तुला एकच सांगायचं होतं म्हणून लिहायला बसलो. लोक म्हणतात, एवढं मोठ्याने घुमलं की कॅन्टीनच्या ताटल्या वाजत होत्या. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. त्या खोलीत मी असतो तर शेवटपर्यंत मला वाटलं असतं की चेंबर छान चाललंय.

ठोंब्या